‘इंट्रिकेट’ : गुंता आणि गुंफण यांच्यामधला शब्द

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : शब्दकोशात ‘इंट्रिकेट’ पाहिला तर ‘गुंतागुंतीचा, जटिल, क्लिष्ट’ असे अर्थ मिळतात. ‘कॉम्प्लेक्स’ पाहिला तरी तेच, ‘कॉम्प्लिकेटेड’ पाहिला तरी तेच. मग इंग्रजीला इतके शब्द लागतात कशाला, आणि आपण लिहिताना ‘इंट्रिकेट’ नेमका कुठे वापरायचा?

मी गेली पंचवीस वर्षे इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते आहे. यंत्रांच्या माहितीपुस्तिका, रुग्णांसाठीची पत्रके, संग्रहालयांची सूचिपत्रे असे सगळे हाताखालून गेले. या शब्दाचा धडा मला अगदी सुरुवातीला मिळाला. एका प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात लेसच्या जुन्या तुकड्याबद्दल ‘इंट्रिकेट पॅटर्न’ असे शब्द होते. मी ‘गुंतागुंतीची नक्षी’ असे लिहिले आणि पुढच्या ओळीकडे वळले. कच्चा मजकूर वाचणाऱ्या ज्येष्ठ संपादकांनी त्या दोन शब्दांभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि समासात लिहिले, ‘मूळ लेखक कौतुक करतो आहे. आपण तक्रार का करतो आहोत?’

तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या समासातल्या ओळीत आहे. कोशातला अर्थ चुकलेला नाही. पण कोश शब्दाचा ऐवज सांगतो, बोलणाऱ्याचा चेहरा दाखवत नाही. ‘गुंतागुंतीचा’ म्हणताना मराठी माणसाच्या कपाळाला बारीकशी आठी पडते. ‘इंट्रिकेट’ म्हणताना इंग्रजी माणूस बहुतेक वेळा पुढे वाकून, डोळे बारीक करून काहीतरी न्याहाळत असतो.

‘इंट्रिकेट’मध्ये तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली, भाग पुष्कळ आणि बारीक. दुसरी, ते भाग सुटे पडलेले नाहीत, एकमेकांत बसवलेले आहेत. तिसरी, आणि हीच बहुतेकांच्या नजरेतून निसटते : त्या बसवणुकीला शिस्त आहे. लक्ष देऊन, वेळ देऊन पाहिले तर प्रत्येक धागा कुठून आला आणि कुठे गेला हे सांगता येते. ‘अवघड’ हा अर्थ या तिन्हींत कुठेच नाही. इंट्रिकेट वस्तू घडवायला अवघड असेल, समजायलाही कधी अवघड असेल, पण तो शब्द ती अडचण सांगण्यासाठी आलेला नसतो.

मराठीत हा फरक दाखवणारी एक सुंदर जोडी आहे : गुंतणे आणि गुंफणे. दोरा गुंततो तो आपोआप, कुणाची इच्छा नसताना. त्याचे टोक सापडत नाही आणि शेवटी कात्री घ्यावी लागते. फुले गुंफली जातात ती कुणीतरी मन लावून बसल्यामुळे, एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने. दोन्हीकडे धागे एकमेकांत शिरलेलेच असतात, तरी एकाला आपण गुंता म्हणतो आणि दुसऱ्याला गुंफण. ‘इंट्रिकेट’ समोर आला की मी आधी स्वतःला हेच विचारते : इथे गुंता आहे की गुंफण? दहापैकी आठ-नऊ वेळा उत्तर ‘गुंफण’ येते.

एक उदाहरण मनात पक्के बसवा. इसवी सन ८०० च्या सुमारास हाताने लिहिलेली, आता डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ठेवलेली ‘बुक ऑफ केल्स’ ही पोथी तिच्या पानांवरच्या वेणीसारख्या नक्षीसाठी प्रसिद्ध आहे. रंगीत पट्ट्या एकमेकींच्या वरून, खालून, पुन्हा वरून जातात. पहिल्या नजरेत नुसता गजबजाट दिसतो. मग एक पट्टी नजरेने धरून तिचा माग काढत जावे, आणि लक्षात येते की चित्रकाराने ती मध्येच सोडून दिलेली नाही. या नक्षीला इंग्रजीत हमखास लावले जाणारे विशेषण ‘इंट्रिकेट’ आहे. तिला ‘कॉम्प्लिकेटेड’ म्हटले तर ऐकणाऱ्याला वाटेल की पाहणारा कंटाळला.

आता शब्दाच्या मुळाकडे. इथे एक मजेशीर उलटापालट आहे. लॅटिनमध्ये ‘ट्रिके’ म्हणजे फालतू कटकटी, अडथळे. त्यावरून ‘इंट्रिकारे’ हे क्रियापद झाले : अडकवणे, गुंतवणे, गोंधळात टाकणे. पंधराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा तो हाच गुंत्याचा अर्थ घेऊन आला. म्हणजे मुळात शब्द तक्रारीचाच होता. पुढे तो कोरीवकाम, विणकाम, यंत्रे, कथानके यांच्या सोबतीला राहू लागला आणि त्याच्या अंगावरची तक्रार हळूहळू पुसट होत गेली. मात्र त्याच्या भावंडांनी जुना स्वभाव सोडलेला नाही. ‘एक्स्ट्रिकेट’ म्हणजे अडचणीतून, पेचातून सोडवणे. ‘इंट्रीग’ हा शब्द त्याच लॅटिन मुळातून इटालियन आणि फ्रेंचमार्गे आला. त्याचा अर्थ कारस्थान, आणि क्रियापद म्हणून कुतूहल चाळवणे. ही भावंडे लक्षात ठेवली की ‘इंट्रिकेट’मधला एक दबलेला स्वर ऐकू येतो. ‘ॲन इंट्रिकेट वेब ऑफ लाइज’, म्हणजे खोटेपणाचे जाळे, या प्रयोगात तो स्वर वर येतो. पण तिथेही बोलणारा नकळत एक गोष्ट मान्य करतो : जाळे विणणारा कसबी होता. ‘असत्याचे बारीक विणलेले जाळे’ असे मराठीत केले तर ते कसब टिकते. ‘खोटेपणाची गुंतागुंत’ केले तर ते हरवते.

शेजारचे शब्द पाहिल्याशिवाय या शब्दाची हद्द कळणार नाही. त्यांतला सर्वांत मोठा ‘कॉम्प्लेक्स’, त्याच्यापाशी जरा थांबू.

‘कॉम्प्लेक्स’ आणि ‘कॉम्प्लिकेटेड’ हे सख्खे वाटतात, पण त्यांची लॅटिन क्रियापदे वेगळी आहेत. ‘कॉम्प्लेक्स’मागे ‘प्लेक्टेरे’ आहे, म्हणजे वेणी घालणे, विणणे. ‘कॉम्प्लिकेटेड’मागे ‘प्लिकारे’ आहे, म्हणजे घडी घालणे. घडीवर घडी, घडीवर घडी, की झाले कॉम्प्लिकेटेड. त्याच घडीच्या कुटुंबात ‘एक्स्प्लिसिट’ येतो, म्हणजे घडी उलगडलेला, आणि ‘इम्प्लिसिट’ येतो, म्हणजे घडीच्या आत राहिलेला. आपण ‘उलगडून सांग’ म्हणतो त्यात हेच चित्र आहे. ‘सिम्पल’ म्हणजे एकच घडी, आपल्या भाषेत एकपदरी. आणि म्हणूनच ‘कॉम्प्लेक्स’साठी ‘बहुपदरी’ हा शब्द मला अनेक ठिकाणी ‘जटिल’पेक्षा जवळचा वाटतो, विशेषतः माणसांच्या नात्यांविषयी आणि स्वभावांविषयी लिहिताना.

‘कॉम्प्लेक्स’ हा तटस्थ शब्द आहे. त्यात कौतुक नाही, तक्रारही नाही. तो फक्त सांगतो की ही गोष्ट अनेक घटकांची आहे आणि ते घटक एकमेकांवर परिणाम करतात. म्हणून शास्त्रांनी तो उचलला. कार्ल फ्रीडरिक गाउसने १८३१ साली ‘कॉम्प्लेक्स नंबर’ हे नाव रूढ केले, त्यात अवघडपणाचा संबंध नव्हता. वास्तव भाग आणि काल्पनिक भाग मिळून झालेली संख्या, एवढेच. मराठी पाठ्यपुस्तकांनी तिला ‘संमिश्र संख्या’ म्हटले आणि ते अचूक आहे. कुणी ‘जटिल संख्या’ म्हटले असते तर विद्यार्थी नावानेच घाबरला असता. व्याकरणातले ‘कॉम्प्लेक्स सेंटेन्स’ आपल्याकडे ‘मिश्र वाक्य’ होते. इमारतींचे ‘कॉम्प्लेक्स’ ‘संकुल’ होते. मानसशास्त्रात कार्ल युंगच्या शब्द-साहचर्याच्या प्रयोगांमधून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘कॉम्प्लेक्स’ रूढ झाला, त्याला आपण ‘गंड’ म्हणतो : न्यूनगंड, अहंगंड. एका इंग्रजी शब्दाला मराठीत चार प्रतिशब्द, आणि चारही आपापल्या जागी पक्के. मराठी इथे अपुरी पडलेली नाही. इंग्रजीने एकाच शब्दावर टाकलेले ओझे तिने चौघांत वाटून घेतले.

गेल्या पाऊणशे वर्षांत ‘कॉम्प्लेक्स’ला आणखी एक धार आली. १९४८ साली गणितज्ञ वॉरन वीव्हरने ‘सुसंघटित’ आणि ‘असंघटित’ कॉम्प्लेक्सिटी असा भेद मांडला. १९८४ साली न्यू मेक्सिकोत अशा प्रणालींच्या अभ्यासासाठी सँटा फे इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेव्हापासून शास्त्रज्ञ ‘कॉम्प्लेक्स’ आणि ‘कॉम्प्लिकेटेड’ या दोन शब्दांमध्ये स्पष्ट रेषा ओढतात. विमानाचे इंजिन कॉम्प्लिकेटेड आहे : हजारो भाग, पण प्रत्येकाचे काम ठरलेले, खोलून पुन्हा जोडता येते. साळुंकीच्या जातकुळीतल्या स्टार्लिंग पक्ष्यांचा थवा कॉम्प्लेक्स आहे. रोमच्या आकाशातल्या थव्यांच्या अभ्यासात आढळले की प्रत्येक पक्षी जवळच्या सुमारे सहा-सात शेजाऱ्यांच्याच हालचालीशी आपली हालचाल जुळवतो. नियम एवढा साधा, पण हजारो पक्षी मिळून आकाशात जे वळसे घेतात ते कोणत्याही एका पक्ष्यात नसतात. थवा खोलून पुन्हा जोडता येत नाही.

संगणकाच्या लोकांनाही हा फरक महत्त्वाचा वाटतो. पायथॉन या संगणकभाषेसाठी टिम पीटर्सने लिहिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत असे आहे की साधे हे कॉम्प्लेक्सपेक्षा बरे, आणि कॉम्प्लेक्स हे कॉम्प्लिकेटेडपेक्षा बरे. या ओळींचे मराठी करताना दोन्हीकडे ‘गुंतागुंतीचे’ लिहिले तर वाक्य कोसळते. ‘साधे हे बहुपदरीपेक्षा बरे, बहुपदरी हे गुंतवळीपेक्षा बरे’, असे काहीसे करावे लागते. ‘गुंतवळ’ म्हणजे विंचरताना निघणारा केसांचा गुंता. हा शब्द मला इथे फार चपखल वाटतो.

‘कॉम्प्लिकेटेड’विषयी फार लिहीत नाही, कारण तो तुम्हाला माहीत आहे. तो रोजच्या बोलण्यातला आहे आणि त्यात त्रासाचा सूर असतो. ‘इट्स कॉम्प्लिकेटेड’ म्हणजे ‘नको विचारूस, सांगत बसलो तर वेळ जाईल’. एक खबरदारी मात्र वैद्यकीय मजकुरात घ्या. तिथे ‘कॉम्प्लिकेशन’ म्हणजे आजारातून किंवा उपचारातून उद्भवलेला नवा त्रास, आणि त्याला ‘गुंतागुंत’ हा शब्द रूढ आहे. पण ‘अनकॉम्प्लिकेटेड मलेरिया’चे भाषांतर ‘साधा मलेरिया’ असे मी छापलेले पाहिले आहे आणि ते धोकादायक आहे. ती वैद्यकीय वर्गवारी आहे : गंभीर आजाराची लक्षणे नसलेला मलेरिया. तो ‘साधा’ आहे असे समजून कुणी औषध अर्धवट सोडले तर त्या एका विशेषणाची किंमत माणसाला मोजावी लागेल.

घड्याळजींच्या जगात मात्र ‘कॉम्प्लिकेशन’ हा अभिमानाचा शब्द आहे. वेळ दाखवण्यापलीकडे घड्याळ जे काही करील, तारीख, चंद्राच्या कला, गजर, त्या प्रत्येक करामतीला ते कॉम्प्लिकेशन म्हणतात. व्हाशरोन कॉन्स्टंटिन या स्विस कंपनीने २०१५ साली एक खिशातले घड्याळ सादर केले, त्यात अशा ५७ करामती आहेत. २,८०० हून अधिक भाग, तीन कारागीर, आठ वर्षे. या एका घड्याळावर आपले तिन्ही शब्द तपासून पाहता येतात. व्यवसायाच्या परिभाषेत ते ‘कॉम्प्लिकेटेड’ आहे. झाकण उघडून आतली चक्रे पाहणाऱ्याच्या तोंडून ‘इंट्रिकेट’ निघेल. आणि शास्त्रज्ञाच्या अर्थाने ते ‘कॉम्प्लेक्स’ नाही, कारण ते कारागिराने ठरवले तेवढेच करते, एक टिकटिकही जास्त नाही.

चक्रांवरून आठवले. ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून १९०१ साली ब्राँझचे एक गंजलेले यंत्र वर आले. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे. त्यातली ३० दंतचक्रे टिकून आहेत. सर्वांत मोठ्या चक्रांपैकी एकाला २२३ दाते आहेत, आणि हा आकडा हवेतून आलेला नाही : २२३ चांद्रमासांनी ग्रहणांचा क्रम पुन्हा येतो. ‘इंट्रिकेट’मधली शिस्त म्हणतात ती हीच. दात्यांची संख्या मोजणाऱ्याला त्यामागचे कारण सापडते. गंजून चिकटलेला खिळ्यांचा ढीगही बारीक भागांचाच असतो, पण त्याला कुणी इंट्रिकेट म्हणणार नाही.

आता ‘कॉन्व्होल्यूटेड’. हा खरा तक्रारखोर. लॅटिन ‘व्होल्व्हेरे’ म्हणजे गुंडाळणे, त्यावरून एकात एक वेटोळी घातलेला. मेंदूवरच्या वळ्यांना ‘कॉन्व्होल्यूशन’ म्हणतात तेव्हा त्यात दोष नसतो. पण युक्तिवाद, वाक्य, नियम, खुलासा ‘कॉन्व्होल्यूटेड’ म्हटला की अर्थ एकच : सरळ जमले असते ते विनाकारण फिरवून सांगितले. यासाठी मराठीत तयार वाक्प्रचार आहे, द्राविडी प्राणायाम. नाक समोरून धरायचे सोडून हात डोक्यामागून नेऊन धरायचे. ‘कॉन्व्होल्यूटेड प्रोसिजर’चे भाषांतर करताना मी ‘आडवळणाची पद्धत’ किंवा सरळ ‘द्राविडी प्राणायाम’ लिहिते. ‘इंट्रिकेट प्लॉट’ आणि ‘कॉन्व्होल्यूटेड प्लॉट’ यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात लेखकाने दहा धागे हाताळले आणि शेवटी सगळे जुळवले. दुसऱ्यात त्याच दहा धाग्यांत तो स्वतःच हरवला. परीक्षण लिहिताना या दोहोंची अदलाबदल झाली तर लेखकावर अन्याय होतो.

‘इलॅबोरेट’ मेहनतीकडे पाहतो : इलॅबोरेट तयारी, इलॅबोरेट योजना, म्हणजे खूप तपशिलात जाऊन केलेली. ‘सोफिस्टिकेटेड’ एकेकाळी भेसळ केलेल्या मालाला म्हणत, आज तो प्रगत तंत्राला आणि सुसंस्कृत माणसाला लागतो. या दोघांशी ‘इंट्रिकेट’चा घोळ सहसा होत नाही.

घोळ होतो तो मराठी बाजूला, कारण आपले शब्दही आपण त्यांच्या पोटात न पाहताच वापरतो. ‘जटिल’ घ्या. जटा असलेला तो जटिल. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त पाचव्या सर्गात शंकर ब्रह्मचाऱ्याच्या वेषात पार्वतीच्या तपोवनात येतो, तेव्हा कवी त्याला ‘कश्चित् जटिलः’ म्हणतो, कुणी एक जटाधारी. जटा म्हणजे विंचरता न येणारे केस. म्हणून ‘जटिल प्रश्न’ छान जमतो, पण ‘जटिल कलाकुसर’ म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर राठ, चिकटलेले केस येतात आणि कलाकुसर दिसेनाशी होते. ‘क्लिष्ट’चे मूळ ‘क्लिश्’ या धातूत आहे, पीडा देणे. ‘क्लेश’ त्याच घरातला. म्हणजे क्लिष्ट हा वाचणाऱ्याच्या हालांचा शब्द झाला. तो कायद्याच्या भाषेला लावा, लेसला लावू नका. ‘किचकट’ कामाला लागतो, बारीक आणि चिवट कामाला. एखादे इंट्रिकेट काम करणाऱ्याला ते किचकट वाटेल, पण पाहणाऱ्याला नाही. म्हणून वाक्यात कुणाची नजर आहे ते आधी ठरवा. ‘व्यामिश्र’ हा समीक्षकांचा लाडका शब्द आहे, बहुधा ‘कॉम्प्लेक्स’साठी येतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन कृष्णाला म्हणतो की या व्यामिश्र वाटणाऱ्या बोलण्याने माझी बुद्धी जणू गोंधळात टाकतो आहेस. त्या श्लोकात तक्रार आहे. आजच्या समीक्षेत तोच शब्द मोठेपणा देतो, ‘व्यामिश्र अनुभव’ म्हणजे सखोल अनुभव. शब्द तक्रारीकडून कौतुकाकडे सरकतात हे फक्त इंग्रजीतच घडते असे नाही.

मग ‘इंट्रिकेट’ला मराठीत काय म्हणायचे? एकच ठरीव शब्द शोधू नका, शेजारचे नाम पाहा. कोरीवकाम असेल तर ‘बारीक कलाकुसरीचे’ किंवा ‘नाजूक नक्षीचे’. विणकाम, जाळे, नाती असतील तर ‘घट्ट विणीचे’, ‘एकात एक गुंफलेले’. यंत्रणा असेल तर ‘सूक्ष्म रचनेची’. नृत्यातला पदन्यास असेल तर ‘अवघड’ हा शब्द मोहात पाडतो. त्याऐवजी ‘गुंफणीदार पदन्यास’ म्हणून पाहा, किंवा विशेषणाचा हट्ट सोडून क्रियापदाकडे वळा : ‘पावले एकमेकांत अशी गुंफत जातात की...’. मराठी क्रियापदांत चित्र काढण्याची ताकद विशेषणांपेक्षा जास्त आहे आणि या शब्दाच्या बाबतीत तिचा फायदा घ्यावा असे मला मनापासून वाटते. ‘नाजूक’ वापरताना एवढेच पाहा की वस्तू खरोखर नाजूक आहे ना. पोलादी कुलपाची आतली रचना इंट्रिकेट असते, नाजूक नसते.

नामरूप ‘इंट्रिकसी’, आणि बहुतेक वेळा ते अनेकवचनात येते : ‘दि इंट्रिकसीज ऑफ टॅक्स लॉ’, ‘दि इंट्रिकसीज ऑफ ग्रामर’. यासाठी आपल्याकडे दोन अस्सल शब्द आहेत, ‘बारकावे’ आणि ‘खाचाखोचा’. कौतुकाचा किंवा अभ्यासाचा सूर असेल तर बारकावे, अनुभवी माणसालाच ठाऊक असलेल्या आतल्या गोष्टी असतील तर खाचाखोचा. ‘करकायद्यातील गुंतागुंती’ असे लिहिण्याची अजिबात गरज नाही. क्रियाविशेषण ‘इंट्रिकेटली’ बहुधा भूतकालवाचक धातुसाधिताला चिकटते, कोरलेले, विणलेले, जोडलेले यांना. मराठीत तिथे ‘बारकाईने’ पुरते.

उच्चाराबद्दल एक गोष्ट. देवनागरीत आपण ‘इंट्रिकेट’ लिहितो आणि मीही वर तसेच लिहिले आहे, कारण तेच रुळले आहे. पण बोलताना शेवट ‘केट’ असा लांबवायचा नसतो. भर पहिल्या अक्षरावर आणि शेवट आखूड, जवळजवळ ‘इंट्रिकट’. ‘डेलिकेट’चेही असेच आहे, त्याचा खरा उच्चार ‘डेलिकट’च्या जवळचा. इंग्रजीत अशा शेवटाची विशेषणे आखूड आणि क्रियापदे लांब उच्चारली जातात. ‘इलॅबोरेट’ विशेषण असेल तर शेवट आखूड, आणि ‘सविस्तर सांगा’ या अर्थाने क्रियापद असेल तर लांब ‘रेट’. वर आलेले ‘एक्स्ट्रिकेट’ क्रियापद आहे, म्हणून त्याचा शेवट लांब.

नेहमीच्या चुका तीन-चारच आहेत. परीक्षार्थी ‘डिफिकल्ट’ला भारदस्त पर्याय म्हणून ‘इंट्रिकेट’ वापरतात : ‘दि पेपर वॉज व्हेरी इंट्रिकेट’. हे चुकते. पेपर ‘डिफिकल्ट’ किंवा ‘टफ’ असतो. एखादा प्रश्न अनेक टप्प्यांचा, एकात एक अडकवलेला असेल तर त्याच्या रचनेला इंट्रिकेट म्हणता येईल, पण त्याच्या काठिण्याला नाही. माणसालाही हा शब्द सहसा लागत नाही. माणूस ‘कॉम्प्लेक्स’ असतो, त्याने रचलेला बेत ‘इंट्रिकेट’ असतो. तिसरी चूक ‘इंट्रिन्सिक’शी गल्लत करण्याची. तो शब्द अगदीच वेगळा, अर्थ ‘अंगभूत’. आणि लिहिताना आधी ‘ए’ नव्हे तर ‘ॲन’ हे उपपद येते, कारण शब्द स्वराने सुरू होतो.

आकाराबद्दलही एक गैरसमज आहे. इंट्रिकेट म्हणजे लहान असे नाही. अवकाशातून टिपलेला नदीच्या मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश शेकडो किलोमीटरचा असतो आणि तरी त्या फाट्या-उपफाट्यांच्या रचनेला इंट्रिकेट म्हणतात. वस्तूच्या मानाने तिचे भाग बारीक असले आणि नजरेला ती सगळी एकत्र दिसली की पुरे. त्यासाठी ती रचना कुणी केलेली असावी लागते असेही नाही. १९८० च्या सुमारास बेन्वा मँडेलब्रॉटने संगणकावर ज्या संचाची चित्रे काढली त्याचे सूत्र एका ओळीचे आहे : संख्येचा वर्ग करा, त्यात एक ठरलेली संख्या मिळवा, आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच करा. त्या संख्या ‘कॉम्प्लेक्स’, म्हणजे संमिश्र. सूत्र ‘सिम्पल’. आणि संचाच्या कडेवर जे चित्र उमटते, जितके मोठे करून पाहावे तितके नवे झुपके, नवे वळसे, ते ‘इंट्रिकेट’. एकाच वस्तूबद्दल हे तिन्ही शब्द खरे आहेत आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. वर्गात शिकवताना मी हे चित्र फळ्यावर लावते आणि विद्यार्थ्यांना एका परिच्छेदात तिन्ही शब्द वापरून मराठीत वर्णन करायला सांगते. कुणीतरी ‘साध्या सूत्रातून उमलत जाणारी नक्षी’ असे काही लिहिले की मला फार आनंद होतो, कारण त्याने ‘इंट्रिकेट’चे भाषांतर विशेषणाशिवाय केलेले असते.

आता राहिली ती दहातली एक-दोन ठिकाणे, जिथे गुंफण नसून खरोखर गुंता आहे. कायदेशीर मजकुरात ‘ॲन इंट्रिकेट क्वेश्चन ऑफ टायटल’ असे येते, म्हणजे मालकी हक्काचा असा प्रश्न की ज्यात वारस, जुनी खतपत्रे, गहाण आणि वाटण्या एकमेकांत अडकल्या आहेत. हा गुंता कुणी हौसेने विणलेला नाही, तो पिढ्यांनी नकळत घातला आहे. वकील तो एक-एक टोक धरून सोडवणार, म्हणजे त्या लॅटिन मुळातल्या अर्थानेच ‘एक्स्ट्रिकेट’ करणार. तिथे शब्दाचा सहाशे वर्षांपूर्वीचा स्वभाव जसाच्या तसा जिवंत आहे. अशा वाक्यात ‘मालकी हक्काचा गुंतागुंतीचा प्रश्न’ असे निःशंक लिहा. त्या एका जागी कोशाने तुम्हाला बरोबर शब्द दिलेला आहे.